संगणकाची बिघडलेली ध्वनियंत्रणा, यूएसबी अॅडॅप्टर आणि मराठी ध्वनींचे मापन

१. विषयप्रवेश

मराठी बोलींच्या अभ्यासात 'पुरावा' या शब्दाचा आशय गेल्या सव्वाशे वर्षांत बराच पालटला आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पुरावा म्हणजे ठिकठिकाणांहून लिहून आलेले नमुने होते. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली इत्यादी बोलींची जी वर्णने प्रसिद्ध केली, त्यांच्या परंपरेत प्रशिक्षित कान आणि काटेकोर ध्वनिलेखन यांना प्रधान स्थान होते. आज पदव्युत्तर विद्यार्थी ध्वनिविषयक प्रबंध सादर करतो तेव्हा त्याचा पुरावा संगणकावर साठविलेले ध्वनिमुद्रण आणि त्यावरून 'प्रात'सारख्या प्रणालीने काढलेली मापे या स्वरूपाचा असतो.

या पालटाने अचूकता वाढली हे खरेच. परंतु त्याबरोबर चुकीची जागाही बदलली. कान चुकला तर दुसरा कान ती चूक दाखवून देऊ शकतो. ध्वनिमुद्रण होत असतानाच यंत्राने त्यात स्वतःची भर घातली असेल, तर पुढे येणारा प्रत्येक अभ्यासक तीच भर निवेदकाच्या नावावर मोजत राहतो. यास्तव संगणकाची ध्वनियंत्रणा हा केवळ तंत्रज्ञाच्या अखत्यारीतील विषय मानून भागत नाही.

संगणकातील ध्वनियंत्रणा बिघडली असता हल्ली सर्वत्र योजला जाणारा उपाय म्हणजे बाहेरून जोडावयाचा यूएसबी साउंड अॅडॅप्टर. हा अॅडॅप्टर अंगठ्याएवढा असतो, काही शे रुपयांपासून मिळतो आणि संगणक न उघडता काम भागवितो. तो नेमके काय बदलतो, काय बदलत नाही, आणि मराठी ध्वनींचे मापन करणाऱ्याने तो योजताना कोणते तारतम्य राखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. ध्वनीपासून अंकापर्यंत

मायक्रोफोनवर पडणाऱ्या हवेच्या दाबातील चढउतारांचे रूपांतर विद्युत्-दाबाच्या चढउतारांत होते. हा दाब अत्यंत अल्प, म्हणजे काही मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही कमी असतो. पूर्वप्रवर्धक तो वाढवितो आणि त्यानंतर अंकीय परिवर्तक दर सेकंदास ठरावीक वेळा, बहुधा ४४,१०० किंवा ४८,००० वेळा, त्याचे मोजमाप घेऊन ते अंकांत नोंदवितो. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले तर त्यासाठी ६५,५३६ पायऱ्या उपलब्ध होतात. एका बिटास सुमारे ६ डेसिबेल या हिशेबाने सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान नोंदणीय ध्वनीत सुमारे ९६ डेसिबेलचे अंतर मिळते.

या मार्गाचे दोन भाग स्पष्टपणे वेगळे आहेत. परिवर्तकापर्यंत संकेत विद्युत्-दाबाच्या रूपात असतो आणि शेजारच्या कोणत्याही विद्युत्-चलनाचा त्यावर परिणाम होऊ शकतो. परिवर्तक ओलांडल्यावर तो अंकांच्या रूपात असतो आणि अंकांना शेजाऱ्याची बाधा सहसा होत नाही. तात्पर्य, 'ध्वनीचे अंक कोठे होतात' हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

१९८९ साली बाजारात आलेल्या 'साउंड ब्लास्टर'च्या काळात ध्वनीसाठी संगणकात स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. १९९७ साली इंटेलने 'एसी ९७' आणि २००४ साली 'हाय डेफिनिशन ऑडिओ' ही मानके पुढे आणली आणि ध्वनियंत्रणा मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये सामावली. यामुळे खर्च उतरला. परंतु एका बाजूस मायक्रोफोनचा मिलिव्होल्टांतील संकेत आणि दुसऱ्या बाजूस क्षणोक्षणी बदलणारा प्रोसेसरचा विद्युत्-प्रवाह, पंखा, वीजनियामक आणि बिनतारी यंत्रणा असा विषम शेजार एकाच पट्टीवर निर्माण झाला. शिवाय चिप मदरबोर्डला डाख देऊन बसविलेली असल्यामुळे ती बिघडली असता एकटी बदलणे सहसा परवडत नाही.

३. बिघाडाचे दोन वर्ग

अभ्यासकाच्या दृष्टीने बिघाडाचे दोन वर्ग करता येतात. पहिला वर्ग मुक्या बिघाडांचा. त्यात आवाज येत नाही, मुद्रण होत नाही, एकाच कानात ऐकू येते किंवा सॉकेट सैल झाल्यामुळे संकेत तुटत राहतो. हे बिघाड त्रासदायक असले तरी निरुपद्रवी होत. कारण ते तत्काळ लक्षात येतात आणि त्यांतून खोटा पुरावा निर्माण होत नाही.

दुसरा वर्ग अधिक घातक आहे. यात मुद्रण होते, शब्द स्पष्ट कळतात, परंतु त्यांच्याखाली यंत्राचा स्वतःचा आवाज पसरलेला असतो. हा आवाज मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला प्रकार गुणगुणीचा. भारतात घरगुती विजेची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या, ५० हर्ट्झ आहे. म्हणून ही गुणगुण ५० आणि तिच्या पटीत, म्हणजे १००, १५०, २०० हर्ट्झवर आढळते. दुसरा प्रकार सर्व कंप्रतांवर पसरलेल्या खरखरीचा. ती बहुधा हलक्या प्रतीच्या पूर्वप्रवर्धकातून येते. तिसरा प्रकार माऊस हलविताना किंवा फाइल उघडताना ऐकू येणाऱ्या चिरचिरीचा. ती संगणकाच्या अंतर्गत हालचालीतून येते.

शब्द ऐकून लिहून घेणाऱ्यास हे आवाज फारसे आड येत नाहीत, कारण मानवी कान त्यांतून वाट काढतो. मापन करणाऱ्या प्रणालीला मात्र निवेदकाचा आवाज कोणता आणि संगणकाचा कोणता याची जाण नसते.

४. मराठी ध्वनींवर होणारा परिणाम

हा धोका मराठीच्या बाबतीत विशेष आहे; कारण मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत श्वासाला भेदक मूल्य आहे. 'बार' आणि 'भार', 'दार' आणि 'धार', 'गार' आणि 'घार' या जोड्यांतील भेद घोष अल्पप्राण व घोष महाप्राण यांचा आहे. याहून लक्षणीय गोष्ट ही की, मराठीत हा भेद स्पर्शवर्णांपुरता मर्यादित नाही. 'मण' आणि 'म्हण', 'नाणे' आणि 'न्हाणे' या जोड्यांत तो अनुनासिकांतही आढळतो. या महाप्राण वर्णांच्या उच्चारात स्वरतंत्री कंप पावत असतानाच पूर्णपणे मिटत नाहीत, आणि घोषाबरोबर श्वासाचा मर्मरही बाहेर पडतो.

या मर्मराचे मापन करण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. पहिलीत मूल कंप्रतेवरील पहिला संनादी आणि तिच्या दुपटीवरील दुसरा संनादी यांच्या पातळीतील फरक पाहतात. मर्मर असता पहिला संनादी तुलनेने प्रबळ होतो. दुसरीत सेप्स्ट्रमवरील मुख्य शिखराची उंची मोजतात. आवर्तन जितके स्वच्छ तितके शिखर उंच, आणि श्वासाची सळसळ मिसळली की ते खाली येते. केली बर्कसन यांनी २०१३ साली कॅन्सस विद्यापीठास मराठीतील घोषप्रकारांवर सादर केलेल्या प्रबंधात अशाच ध्वनिशास्त्रीय मापांचा आधार घेतला असून त्यात स्पर्शांबरोबर अनुनासिकादी वर्णांचाही विचार आहे.

आता या मापांवर बिघडलेल्या यंत्रणेचा परिणाम पाहावा. समजा, एका पुरुष निवेदकाची मूल कंप्रता १०० हर्ट्झच्या आसपास आहे; प्रौढ पुरुषांत हे असाधारण नाही. विजेच्या गुणगुणीचाही एक घटक नेमका १०० हर्ट्झवर असतो. 'म' उच्चारताना ओठ मिटलेले असतात आणि आवाजाची पातळी शेजारच्या स्वरापेक्षा उतरते. त्यामुळे या अवस्थेत गुणगुण तुलनेने वर येते. गुणगुण पहिल्या संनादीपेक्षा १० डेसिबेलनी खाली असली, तरी दोन्ही लहरी जुळून आल्या असता त्या संनादीची पातळी सुमारे २.४ डेसिबेलनी चढते, आणि त्या विरुद्ध पडल्या असता सुमारे ३.३ डेसिबेलनी उतरते. म्हणजे एकाच निवेदकाचा साधा 'मण' हा शब्द एका उच्चारात मर्मराकडे झुकल्यासारखा दिसेल, तर पुढच्या उच्चारात त्याच्या उलट दिसेल. गुणगुण २० डेसिबेलनी खाली असेल तर ही चूक एका डेसिबेलच्या आत येते आणि ४० डेसिबेलनी खाली असेल तर ती उपेक्षणीय ठरते. यंत्रणा बदलण्याचे प्रयोजन या तीन आकड्यांत सामावलेले आहे.

खरखरीचा परिणाम याहून एकमार्गी असतो. ती आवर्तनहीन असल्यामुळे सेप्स्ट्रमवरील शिखर नेहमी खालीच आणते, म्हणजे प्रत्येक वर्ण असावा त्याहून अधिक महाप्राण दाखविते. एका गावातील मुद्रण चांगल्या संगणकावर आणि दुसऱ्या गावातील मुद्रण खरखरणाऱ्या संगणकावर झाले असेल, तर दोन गावांच्या बोलींत महाप्राणाचा भेद आढळतो असा निष्कर्ष निघू शकेल. आणि तो भेद वस्तुतः दोन संगणकांतील असेल.

च-वर्गाच्या बाबतीत प्रश्न वरच्या कंप्रतांचा आहे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' हे 'जगणे' या धातूचे आज्ञार्थी रूप, यांत लेखनात भेद नसला तरी उच्चारात तालव्य व दंतमूलीय असा भेद आहे. दंतमूलीय उच्चारातील घर्षणाची ऊर्जा तालव्यापेक्षा वरच्या कंप्रतांवर, मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या पुढे एकवटते. ज्या साधनाने हा प्रदेशच कापला जातो त्याने हा भेद मोजता येणार नाही. संगणकाचा सॉकेट बिघडला म्हणून बिनतारी ब्लूटूथ हेडसेट वापरण्याचा मोह अनेकांना होतो. त्याचा मायक्रोफोन चालू असता पारंपरिक पद्धतीत दर सेकंदास ८,००० किंवा १६,००० च नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्या संख्येपर्यंतचीच कंप्रता नोंदता येते, या नियमानुसार पहिल्या बाबतीत ४,००० आणि दुसऱ्या बाबतीत ८,००० हर्ट्झवरील सर्व ध्वनी नाहीसा होतो. संभाषणास हे पुरते. च-वर्गाच्या अभ्यासास पुरत नाही.

५. उपाय योजण्यापूर्वी निदान

अॅडॅप्टर विकत घेण्यापूर्वी बिघाड खरोखर ध्वनियंत्रणेत आहे किंवा नाही हे पाहणे इष्ट. सर्वप्रथम संगणकाने योग्य साधन निवडले आहे काय, आवाज बंद ठेवलेला नाही ना, आणि विंडोज १० किंवा ११ असल्यास प्रणालीला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी दिलेली आहे काय, हे तपासावे. मुक्या बिघाडांपैकी बऱ्याच तक्रारी येथेच मिटतात. त्यानंतर ड्रायव्हर पुन्हा बसवून पाहावा. तरीही शंका उरल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून ध्वनी येतो काय हे पाहणे ही निर्णायक कसोटी होय. तेथे ध्वनी आला तर दोष मूळ कार्यप्रणालीत, तिच्या मांडणीत किंवा ड्रायव्हरमध्ये आहे; तेथेही आला नाही तर तो बहुधा यंत्रात आहे.

दूषित मुद्रणाच्या बाबतीत निराळी कसोटी लागते. शांत खोलीत कोणीही न बोलता दहा सेकंदांचे मुद्रण चार वेळा करावे: प्रथम मायक्रोफोन जोडून, नंतर तो काढून, तिसऱ्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर, आणि चौथ्या वेळी माऊस सतत हलवीत. मायक्रोफोन काढल्यावरही खरखर तशीच राहिली तर ती संगणकाच्या पूर्वप्रवर्धकाची आहे, मात्र मायक्रोफोन काढताच संगणकाने दुसरे साधन निवडलेले नाही याची खात्री करावी. चार्जर काढताच गुणगुण थांबली तर तिचे मूळ चार्जर व भूसंपर्क यांच्या मार्गात आहे. माऊसबरोबर चिरचिर वाढली तर मदरबोर्डवरील शेजाराचा तो परिणाम होय. आणि केवळ मायक्रोफोन जोडल्यावरच आवाज येत असेल, तर तो खोलीतील पंख्याचा, तारेचा किंवा मायक्रोफोनचा आहे. त्यावर साउंड अॅडॅप्टर हा उपायच नव्हे.

६. यूएसबी अॅडॅप्टरचे कार्य

यूएसबी हे मानक १९९६ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावरून ध्वनी कसा पाठवावा याचे पहिले समान नियम १९९८ साली ठरले. या नियमांचे पालन करणारा अॅडॅप्टर विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिन्ही प्रणाली स्वतंत्र ड्रायव्हरवाचून ओळखतात. नियमांची दुसरी आवृत्ती २००६ साली आली; विंडोजमध्ये तिची अंगभूत सोय मात्र २०१७ साली विंडोज १० च्या एका सुधारणेने झाली. म्हणून जुन्या विंडोज-संगणकासाठी पहिल्या आवृत्तीचा साधा अॅडॅप्टर अधिक सुरक्षित ठरतो.

अॅडॅप्टरच्या डबीत पूर्वप्रवर्धक, आवक व जावक असे दोन्ही परिवर्तक आणि काळ मोजणारा स्फटिक हे सर्व असते. तो जोडला असता संगणकातील ध्वनिचिप वापरातून पूर्णपणे बाजूस पडते आणि संगणकाकडे केवळ अंक जातात. म्हणजे अॅडॅप्टर जुन्या यंत्रणेची दुरुस्ती करीत नाही, तर ध्वनीचे अंक होण्याची जागा मदरबोर्डवरून उचलून बाहेर नेतो. मदरबोर्डच्या शेजारामुळे होणारी चिरचिर त्यामुळे बहुधा थांबते.

तथापि विजेच्या बाबतीत ही सुटका पूर्ण नसते. अॅडॅप्टरला लागणारी ५ व्होल्टची वीज त्याच यूएसबी तारेतून, त्याच संगणकाकडून येते. भूसंपर्काच्या मार्गाने येणारी गुणगुण या तारेतूनही अॅडॅप्टरपर्यंत पोहोचू शकते. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करणे हा यावरील सर्वांत सोपा व फुकटचा उपाय होय. टेबलावरील संगणकास ते शक्य नसल्याने तेथे यूएसबी आयसोलेटर मध्ये घालावा लागतो.

अंक पाठविण्याच्या रीतीतही एक विशेष आहे. पेनड्राइव्हवर फाइल पाठविताना एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठविला जातो. ध्वनीच्या बाबतीत वेळ पाळणे महत्त्वाचे असल्यामुळे तुकडे ठरल्या क्षणी पाठविले जातात आणि हुकलेला तुकडा पुन्हा येत नाही. ४८,००० नमुन्यांच्या दराने साध्या अॅडॅप्टरमध्ये दर मिलिसेकंदास ४८ नमुन्यांचा एक तुकडा निघतो. संगणक दुसऱ्या कामात गुंतला असता असा एखादा तुकडा गळला, तर मुद्रणात 'टक्' असा सूक्ष्म आवाज राहतो. स्पेक्ट्रोग्रामवर ही उभी बारीक रेघ स्पर्शवर्णाच्या स्फोटासारखी दिसते. आणि स्फोटापासून घोषारंभापर्यंतचा काळ मिलिसेकंदांत मोजणाऱ्या अभ्यासकास ती सहज फसवू शकते. मुद्रण करताना इतर प्रणाली बंद ठेवणे, अॅडॅप्टर शक्यतो थेट संगणकाला जोडणे आणि बफर मोठा ठेवणे, ही यावरील दक्षता होय. मोठ्या बफरमुळे ध्वनी किंचित उशिरा ऐकू येतो. मुद्रणात त्याने बिघडत नाही, परंतु श्रवणप्रयोगात प्रतिसादाचा काळ मोजावयाचा असल्यास हा विलंब आधी मोजून ठेवणे आवश्यक आहे.

७. निवड आणि मांडणी

अॅडॅप्टर निवडताना पहिली अडचण सॉकेटची येते. मोबाइलच्या हेडसेटच्या पिनवर तीन काळ्या कड्या, म्हणजे चार संपर्क असतात आणि त्यातूनच मायक्रोफोनचा संकेत जातो. कित्येक अॅडॅप्टरवर मात्र हेडफोन व मायक्रोफोन यांसाठी तीन संपर्कांचे दोन वेगळे सॉकेट असतात. अशा ठिकाणी मोबाइलचा हेडसेट सरळ जोडला तर ऐकू येते, परंतु मुद्रण होत नाही आणि नवा अॅडॅप्टरही बिघडलेला आहे असा समज होतो. दोन शाखांची जोडतार मध्ये घातली की ही अडचण दूर होते. यूएसबी-सी प्रकारच्या काही स्वस्त जोडतारांत परिवर्तकच नसतो. त्या मोबाइलमधील परिवर्तकावर अवलंबून असतात, म्हणून संगणकावर त्यांचा उपयोग होत नाही.

दुसरा प्रश्न मायक्रोफोनच्या विजेचा. कपड्याला लावावयाच्या लहान इलेक्ट्रेट मायक्रोफोनला काही व्होल्ट पुरतात आणि ते साध्या अॅडॅप्टरमधून मिळतात. स्टुडिओतील कंडेन्सर मायक्रोफोनला बहुधा ४८ व्होल्ट लागतात. त्यासाठी एक्सएलआर सॉकेट असलेले मोठे ऑडिओ इंटरफेस हवे. वर्गातील श्रवणासाठी, ध्वनिलेखनाच्या सरावासाठी आणि शब्दसंग्रहासाठी काही शे रुपयांचा अॅडॅप्टर पुरेसा होय. महाप्राणाचे किंवा घर्षणाचे मापन करावयाचे असल्यास मोठे इंटरफेस आणि २४ बिटांचे मुद्रण योग्य. २४ बिटांनी तत्त्वतः १४४ डेसिबेलचे अंतर मिळते; प्रत्यक्षात विद्युत्-मंडलाच्या स्वतःच्या आवाजामुळे ते सुमारे १२० च्या पुढे सहसा जात नाही. तरीही आवाजाची पातळी खाली ठेवून निर्धास्तपणे मुद्रण करता येते आणि मोठ्याने उच्चारलेला शब्द फाटत नाही.

तिसरी बाब मांडणीची असून तीच सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय अनेक अॅडॅप्टरांत व प्रणालींत चालू अवस्थेतच येते. ती शब्दांमधील शांतता फुगविते आणि मोठे आवाज दाबते. त्यामुळे तीव्रतेची सर्व मापे निरर्थक होतात. गोंगाट कमी करण्याची सोय तर मराठीच्या अभ्यासकास विशेष अपायकारक आहे. श्वासाची सळसळ हा गोंगाट समजून काढून टाकणे हेच तिचे काम. आणि 'म्हण' या शब्दातील महाप्राण म्हणजे श्वासाची सळसळच होय. या दोन्ही सोयी, तसेच ध्वनी 'सुधारण्याच्या' नावाखाली येणाऱ्या इतर सर्व सोयी, मुद्रणापूर्वी बंद कराव्यात. फाइल एमपीथ्रीऐवजी डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवावी.

८. बदललेले साधन आणि संशोधनाची सलगता

अॅडॅप्टर जोडल्यावर मुद्रण स्वच्छ झाले की प्रश्न सुटला असे वाटणे साहजिक आहे. संशोधनाच्या दृष्टीने येथे एक नवा प्रश्न सुरू होतो. प्रत्येक साधनाची स्वतःची प्रवर्धनाची पातळी, स्वतःची खरखर आणि कंप्रतांना मिळणारा स्वतःचा प्रतिसाद असतो. निम्मे निवेदक जुन्या यंत्रणेवर आणि निम्मे नव्या अॅडॅप्टरवर मुद्रित झाले असतील, तर दोन्ही गटांची मापे एका कोष्टकात घालणे धोक्याचे आहे. वयस्क निवेदक आधी आणि तरुण निवेदक नंतर मुद्रित झाले असल्यास साधनातील बदल हा पिढीतील भाषिक बदल म्हणून समोर येईल, आणि संख्याशास्त्राची कोणतीही कसोटी त्या दोहोंना वेगळे करू शकणार नाही.

यावर उपाय अवघड नाही. जुनी यंत्रणा अजून चालत असेल तर ती सोडण्यापूर्वी आणि नवी स्वीकारल्यावर एकच शब्दयादी एकाच व्यक्तीकडून, त्याच खोलीत, त्याच मायक्रोफोनवर मुद्रित करून घ्यावी आणि दोन मापांतील फरक नोंदवावा. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दहा सेकंदांची शांतता मुद्रित करावी. त्या दहा सेकंदांत यंत्राचा सर्व दोष उघडा पडतो आणि पुढच्या अभ्यासकास तो मोजता येतो. शक्य तेथे एका प्रकल्पातील सर्व मुद्रण एकाच अॅडॅप्टरवर करावे. मुद्रण मध्येच दुसऱ्या साधनावर न्यावे लागल्यास दोन्ही गटांत सर्व वयोगटांचे निवेदक येतील असा क्रम लावावा.

दोन साधनांवर एकाच वेळी मुद्रण करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रत्येक साधनाचा काळ त्याच्या स्फटिकावर चालतो आणि दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्यात दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तर एका तासात ०.१८ सेकंदांचे अंतर पडते. कॅमेऱ्यातील चित्र आणि अॅडॅप्टरवरील ध्वनी शेवटी जुळत नाहीत त्याचे हे एक कारण होय. आरंभी व शेवटी टाळी वाजवून दोन खुणा ठेवल्या असता हे अंतर मोजून दुरुस्त करता येते.

प्रबंधाच्या साधनविषयक प्रकरणात मायक्रोफोनचे नाव बहुधा दिलेले असते. ध्वनीचे अंक करणाऱ्या साधनाचे नाव मात्र क्वचितच आढळते. अॅडॅप्टरचे नाव, नमुन्यांचा दर, बिटांची संख्या, प्रवर्धनाची पातळी, बंद केलेल्या सोयी, वीज बॅटरीची की चार्जरची, आणि साधन बदलल्याचा दिनांक, एवढ्या सात नोंदी एका पानावर मावतात.

९. समारोप

यूएसबी अॅडॅप्टर ही वस्तू क्षुल्लक असली तरी तिचे स्थान मोक्याचे आहे. निवेदकाचा श्वास जेथे अंक होतो ती जागा ती ठरविते. संगणकातील ध्वनियंत्रणा बिघडली असता अल्प खर्चात ती जागा मदरबोर्डबाहेर नेता येते, हा तिचा खरा लाभ. मात्र खोलीतील गोंगाट, भूसंपर्काची गुणगुण आणि प्रणालीतील अनाहूत सुधारणा यांचा बंदोबस्त ती करीत नाही. आणि आधी झालेल्या दूषित मुद्रणास ती शुद्ध करू शकत नाही.

बोलींच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. प्रयोगशाळेतील शब्दयादी पुन्हा वाचून घेता येते; एखाद्या वाडीतील वृद्ध निवेदकाचे बोलणे दुसऱ्यांदा मिळेलच असे नाही. म्हणून निवेदकाला बोलते करण्यापूर्वी दहा सेकंदांची शांतता मुद्रित करून ती ऐकणे, हा क्षेत्रकार्याच्या शिस्तीचाच एक भाग मानला जावा.